डाळ शिजते म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही

वाचकांचे प्रश्न : घरची विहीर, घरचे बोअर

गेल्या अंकात आम्ही खासगी विहिरी आणि विंधन विहिरी यांच्या पाण्याविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख रोगजंतूंपेक्षा खडकातूनच पाण्यात उतरणाऱ्या द्रव्यांकडे, म्हणजे फ्लोराइड, लोह, क्षार आणि आर्सेनिक यांच्याकडे आहे. सार्वजनिक नळयोजनेच्या पाण्याचे नमुने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ठरावीक काळाने प्रयोगशाळेत पोहोचवतो. अंगणातल्या किंवा वावरातल्या खासगी बोअरचे पाणी मात्र मालकाने स्वतः नेऊन दिल्याशिवाय कोणीही तपासत नाही. म्हणून या वेळी पत्रे थोडी निवडून उत्तरे सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात राहतो. अंगणातल्या बोअरचे पाणी दहा-बारा वर्षांपासून पितो. पाणी नितळ आणि गोड आहे, तुरीची डाळ त्यात लवकर शिजते आणि टीडीएसच्या पेनवर ४८० असा आकडा येतो. परंतु नऊ वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी आडवे पट्टे दिसू लागले आहेत. दात नीट घासत नसेल, असे शेजारी म्हणतात. धाकटा मुलगा दोन वर्षांचा आहे. पाणी तपासून घ्यावे का?

उत्तर : अवश्य घ्यावे, आणि फ्लोराइडची तपासणी नाव घेऊन मागावी. मुलीचे दात आधी दंतवैद्यांना दाखवावेत, कारण निदान त्यांनीच करायचे आहे. तरीही आपण केलेले वर्णन फ्लोराइडच्या डागांशी जुळते, हे स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे. दात न घासल्यामुळे साचणारा थर बहुधा हिरडीच्या कडेने धरतो आणि दंतवैद्य तो खरवडून काढू शकतात. फ्लोराइडचे डाग दाताच्या कवचातच असतात. ते आडव्या रेषांत येतात, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर साधारण सारखे दिसतात, सुरुवातीला खडूसारखे पांढरे असून पुढे पिवळे-तपकिरी होतात आणि कितीही घासले तरी जात नाहीत. हिरडीच्या आत दात घडत असताना, म्हणजे साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पोटात गेलेल्या जादा फ्लोराइडमुळे ते उमटतात. त्यामुळेच मोठेपणी त्या गावात राहायला आलेल्या माणसाचे दात स्वच्छ राहतात, आणि पाण्यात दोष असता तर आमचेही दात खराब झाले असते, असा घरातल्या मोठ्यांचा समज होतो.

पाण्याला आपण जी तीन प्रमाणपत्रे दिली आहेत, त्यांपैकी एकही फ्लोराइडच्या बाबतीत ग्राह्य धरता येत नाही. फ्लोराइडला चव, रंग किंवा वास नसतो, त्यामुळे पाणी नितळ आणि गोड असल्याने काहीच सिद्ध होत नाही. डाळीची गोष्ट तर याहून महत्त्वाची आहे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातील पेक्टिनला घट्ट धरून ठेवतात, म्हणून तशा पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट अधिक असेल, तर डाळ भराभर शिजते. जड पाणी वापरणाऱ्या घरात डाळीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात तो याचसाठी. आता अडचण अशी की कॅल्शियम आणि फ्लोराइड ही दोन द्रव्ये पाण्यात एकत्र फार प्रमाणात राहू शकत नाहीत. जेथे कॅल्शियम भरपूर असते तेथे फ्लोराइडवर आपोआप मर्यादा पडते, आणि जेथे कॅल्शियम गळून जाऊन पाणी मऊ व सोडायुक्त झालेले असते तेथे फ्लोराइडला वाढायला वाव मिळतो. म्हणजे फ्लोराइडचे पाणी पुष्कळदा ज्याची तारीफ व्हावी असेच पाणी असते. मऊ पाणी प्रत्येक वेळी सदोष असते असे मुळीच नाही, पण डाळीच्या शिजण्यावरून पाणी पारखण्याची आपली जुनी रीत येथे फसवी ठरते, हे मनावर घेतले पाहिजे.

टीडीएसच्या पेनचेही तसेच. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजते आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. त्या क्षारांमध्ये कोणता किती हे त्याला कळत नाही. आपल्या ४८० मिलिग्रॅममध्ये फ्लोराइड अर्धा मिलिग्रॅम असो वा तीन मिलिग्रॅम, पेनवरचा आकडा जवळजवळ तोच राहील. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम ठेवते आणि दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट देते. इतका सूक्ष्म फरक रासायनिक तपासणीनेच कळतो.

आपल्या भागाविषयी शंका घेण्यास भूगर्भाचेही कारण आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे, परंतु यवतमाळच्या दक्षिण-पूर्व भागात, चंद्रपूरमध्ये आणि नांदेडच्या किनवटकडे बेसाल्टच्या खालचे किंवा बाजूचे अधिक जुने खडक वर येतात. कोठे चुनखडी आणि शेल, कोठे वालुकाश्म, कोठे ग्रॅनाइटसारखे खडक. फ्लुओराइट, अ‍ॅपेटाइट आणि काळा अभ्रक अशा खनिजांतून फ्लोराइड सुटते, आणि पाणी खडकाच्या भेगांत जितका अधिक काळ मुरते तितके ते अधिक सुटते. खोल बोअरचे पाणी सामान्यतः असे जुने, मुरलेले असते. उथळ विहिरीचे पाणी दर पावसाळ्यात नव्याने भरते, म्हणून एकाच वावरातल्या विहिरीत फ्लोराइड कमी आणि दोनशे फुटांच्या बोअरमध्ये जास्त, असे आढळू शकते.

यातच आपल्यासाठी एक व्यवहार्य मार्ग आहे. फक्त आपल्या बोअरचा नमुना देऊन थांबू नये. घराजवळ जुनी विहीर असेल, शेजाऱ्याची असेल, गावाची असेल, तर तिचाही नमुना त्याच दिवशी द्यावा. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेत निघाले, तर ते पाणी उपसा करून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून, गाळून आणि उकळून पिण्यासाठी वापरता येते, कारण उघड्या विहिरीतील जंतूंवर घरच्या घरी उपाय आहे आणि फ्लोराइडवर तितका सोपा उपाय नाही. पावसाळ्यात कौलांवरचे किंवा पत्र्यावरचे पाणी पहिल्या सरी सोडून स्वच्छ टाकीत साठवले, तर त्यातही खडकाचे फ्लोराइड नसते. बोअरचे पाणी आंघोळीला, धुण्याला आणि जनावरांच्या गोठ्याच्या सफाईला खुशाल वापरावे. कातडीतून फ्लोराइड शरीरात जाण्याची चिंता नाही. स्वयंपाकाचे पाणी मात्र पिण्याच्या पाण्याइतकेच काटेकोर हवे. भात, वरण आणि चहा यांत मुरलेले पाणी अखेर पोटातच जाते.

अहवाल येईपर्यंत मुलाच्या पिण्याचे आणि त्याच्या पेजेचे पाणी दुसरीकडून आणता आले तर आजच आणावे. मुलीच्या दातांवर आलेले डाग पाणी बदलल्याने पुसले जाणार नाहीत, त्यासाठी दंतवैद्यांचे उपचार आहेत. पण दोन वर्षांच्या मुलाचे कायमचे पुढचे दात अजून घडत आहेत आणि ते वाचवणे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. दात वाचवणे एवढ्यापुरतीही ही गोष्ट मर्यादित नाही. जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मान, पाठ आणि सांधे आखडतात, आणि हाडांत बसलेले फ्लोराइड सहजासहजी निघत नाही.

प्रश्न : किनवट तालुक्यातून लिहीत आहे. मी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत घरच्या टाकीचे पाणी भरून तपासणीस नेले, तर ते परत पाठवण्यात आले. नमुना नेमका कसा घ्यावा आणि कोठे द्यावा?

उत्तर : परत पाठवणाऱ्यांनी योग्यच केले, कारण चुकीच्या नमुन्याचा अहवाल नसलेल्या अहवालापेक्षा अधिक घातक असतो.

पहिली गोष्ट, नमुना टाकीतून घेऊ नये. टाकीत पाणी हवेत राहते, गाळ बसतो, कधी टीसीएल टाकलेले असते. बोअरमधल्या पाण्याचे खरे रूप तेथे उरत नाही. मोटारीचे पाणी जेथे प्रथम बाहेर पडते तेथूनच, फिल्टर किंवा अन्य यंत्र लागण्याच्या आधी, नमुना घ्यावा. रात्रभर पाइपात आणि केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेल्या नळीत, थांबलेले पाणी आधी वाहून जाऊ द्यावे. मोटार दहा-पंधरा मिनिटे चालवली आणि हाताला पाणी सारखेच गार किंवा कोमट लागू लागले, म्हणजे खडकातले ताजे पाणी आले असे समजावे. हापसा असेल तर काही घागरी भरून झाल्यावर नमुना घ्यावा. उघड्या विहिरीत स्वच्छ बादली पाण्याखाली चांगली बुडवून घ्यावी, म्हणजे वरचा पालापाचोळा आणि तवंग येत नाही, आणि विहिरीत नुकतेच टीसीएल टाकले असल्यास काही दिवस थांबावे. क्लोरीनमुळे फ्लोराइडच्या एका नेहमीच्या चाचणीतला रंग बिघडतो.

भांडे प्लॅस्टिकचे असावे, काचेचे नको, कारण फ्लोराइड काचेशी थोडीफार प्रक्रिया करू शकते. प्रयोगशाळेकडूनच कॅन मागून घेणे सर्वांत चांगले. न मिळाल्यास एक लिटरचा नवा, घट्ट झाकणाचा कॅन घ्यावा. तेल, लोणचे, फवारणीचे औषध, शीतपेय यांपैकी काहीही ज्यात होते असा डबा किंवा बाटली कितीही धुतली तरी वापरू नये. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने कॅन दोन-तीनदा खळखळून धुवावा, साबण लावू नये, आणि हवा राहणार नाही असा काठोकाठ भरून झाकण लावावे.

जंतूंची तपासणीही करायची असेल तर तिची बाटली निराळी. ती प्रयोगशाळा निर्जंतुक करून देते. ती खळखळायची नाही, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचे नाही, आणि बर्फात ठेवून ती त्याच दिवशी पोहोचवायची. लोह, मँगनीज किंवा आर्सेनिक पाहायचे असल्यास तिसरी छोटी बाटली लागते, जिच्यात प्रयोगशाळेने थोडे नायट्रिक आम्ल घातलेले असते, नाहीतर वाटेतच लोह तळाला बसते आणि अहवालात कमी दिसते. हे आम्ल दाहक असते, म्हणून अशी बाटली घरी तयार करू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कॅनवर चिठ्ठी लावून गाव, मालकाचे नाव, विहीर की बोअर, खोली, तारीख आणि वेळ लिहावी. बोअरची खोली ही माहिती लोक हमखास विसरतात, आणि अहवालाचा अर्थ लावताना नेमकी तीच लागते. नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत देता येतो. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून अशा प्रयोगशाळा सामान्य नागरिकांसाठीही खुल्या करण्यात आल्या आहेत. शुल्क आणि नमुना घेण्याचे वार आधी विचारून जावे. खासगी प्रयोगशाळा निवडायची झाल्यास तिला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, आणि ती मान्यता आपल्याला हव्या त्या चाचणीसाठी आहे का, हे पाहावे. गावात महिलांना प्रशिक्षण देऊन जो तपासणी संच दिलेला असतो, त्यात रंगाचा तक्ता जुळवून फ्लोराइडचा अंदाज घेता येतो. पहिल्या चाळणीसाठी तो उपयोगी आहे आणि त्याचा लाभ जरूर घ्यावा. आकडा मर्यादेच्या आसपास आला तर मात्र निर्णय प्रयोगशाळेवर सोडावा.

प्रश्न : आमचे गाव अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात आहे. घरी आलेल्या एका विक्रेत्याने आमच्या बोअरच्या पाण्याच्या पेल्यात विजेच्या दोन सळया बुडवल्या, तेव्हा पाणी काळपट-तपकिरी होऊन वर फेस आला. यंत्रातून गाळलेल्या पाण्याच्या पेल्यात काहीच झाले नाही. आमच्या पाण्यात इतकी घाण आहे का?

उत्तर : पेल्यात दिसलेला तो गाळ पाण्यातला नव्हता. तो सळईच्या लोखंडाचा होता. क्षारयुक्त पाण्यातून वीज चांगली वाहते, लोखंडी सळई झिजते आणि तिचे हायड्रॉक्साइड गाळाच्या रूपाने वर येते. गाळलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. पुन्हा कोणी असा प्रयोग दाखवायला आले, तर त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग करायला सांगावे. तेही पाणी तितकेच काळे होईल. ही चाचणी पाण्यातील कोणत्याही अपायकारक द्रव्याविषयी काहीही सांगत नाही, आणि भोळ्या माणसांच्या मनात भीती घालून विक्री करण्याचा हा प्रकार मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो.

तथापि आपल्याला आरओ यंत्र, म्हणजे सूक्ष्म पडद्यातून पाणी दाबून क्षार अडवणारे यंत्र, लागणारच नाही, असे यावरून ठरत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत भूजल नैसर्गिकरीत्याच खारे आहे. तेथे विरघळलेले एकूण क्षार मानकातील २,००० मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेपलीकडे गेलेले असू शकतात. म्हणून प्रयोगशाळेतून एकूण क्षार, क्लोराइड, सल्फेट, मॅग्नेशियम, सोडियम, नायट्रेट आणि फ्लोराइड पाहून घ्यावे. सल्फेट आणि मॅग्नेशियम दोन्ही जास्त असतील तर पाहुण्यांचे पोट बिघडते आणि घरच्यांचे सवयीने बिघडत नाही, एवढाच फरक दिसतो. नायट्रेट खडकातून कमी आणि उकिरडा, गोठा, शोषखड्डा व युरिया यांतून अधिक येते. त्याची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा कोणतीही सूट न देता ठेवलेली आहे, आणि बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या घरी तिला फार महत्त्व आहे. अहवाल पाहून आरओ घेतलेच, तर त्यातून बाहेर पडणारे अधिक खारे पाणी विहिरीच्या काठाशी किंवा परसातल्या भाजीला सोडू नये, आणि सहा महिन्यांनी यंत्रातून आलेल्या पाण्याचाही नमुना द्यावा. पडदा निकामी झाला तरी यंत्रावरचा दिवा लागतच राहतो.

प्रश्न : कुडाळजवळ नवीन बोअर घेतले. कळशीत भरताना पाणी स्वच्छ असते, दुपारपर्यंत तांबूस होते, चहा काळा पडतो आणि पांढऱ्या कपड्यांवर डाग येतात.

उत्तर : हे लोह आहे. जांभ्याच्या प्रदेशात ते नवलाचे नाही. जमिनीखाली हवा नसल्याने लोह विरघळलेल्या अवस्थेत राहते, हवा लागताच गंजाच्या रूपाने खाली बसते, आणि चहातील टॅनिनशी संयोग झाला की काळा रंग येतो. मानकातील लोहाची मर्यादा आता लिटरला १ मिलिग्रॅम आहे. तिच्या वर गेलेले पाणी सहसा चव आणि डाग यांमुळे नकोसे होते, फ्लोराइडसारखा घात ते करत नाही. पाणी उंचावरून धार धरून किंवा बारीक भोकांच्या झारीतून ओतून रात्रभर ठेवावे आणि वाळूच्या थरातून गाळावे. लोहासोबत मँगनीज आणि सामू (पीएच) ही दोन मापे मात्र मागून घ्यावीत. कोकणातील पाणी काही ठिकाणी आम्लधर्मी असते आणि सामू ६.५ च्या खाली असेल तर दोष खडकाचा नसून पाणी आपले लोखंडी केसिंगच खात असण्याचा संभव आहे.

प्रश्न : वरोरा तालुक्यातील आमच्या ग्रामपंचायतीला हिरवे कार्ड मिळाले आहे. शिवाय आम्ही घरी बोअरच्या पाण्याला तुरटी लावतो आणि पाणी उकळतो. आणखी तपासणीची गरज आहे का?

उत्तर : आहे. हिरवे कार्ड सार्वजनिक स्रोतांभोवतालची स्वच्छता, गळती आणि शुद्धीकरणाची व्यवस्था पाहून दिले जाते. आपल्या घरच्या बोअरमधील फ्लोराइडशी त्याचा संबंध नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण वाफ उडून गेल्यावर मागे राहिलेल्या पाण्यात फ्लोराइड आणि क्षार यांचे प्रमाण किंचित वाढतेच. मेणबत्तीचा फिल्टर, कापडाची गाळणी, अतिनील दिव्याचे यंत्र आणि टीसीएल यांपैकी कशानेही फ्लोराइड निघत नाही. तुरटीने ते निघते हे खरे आहे, आणि नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत त्यावरच आधारलेली आहे. परंतु तिच्यात तुरटीची मात्रा गढूळ पाणी निवळण्यासाठी फिरवतो त्याच्या कितीतरी पट असते, जोडीला चुना लागतो, आणि दोन्हींचे माप पाण्यातील फ्लोराइड व क्षारता मोजूनच ठरवावे लागते. अंदाजाने तुरटी वाढवली तर फ्लोराइड राहून जाते आणि वर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उतरते. घरगुती पातळीवर आरओ किंवा सक्रिय अ‍ॅल्युमिनाचा फिल्टर हे दोन मार्ग आहेत, पैकी दुसऱ्यातील माध्यम ठरावीक पाणी गाळल्यानंतर थकते आणि त्याचे पुनरुज्जीवन करावे लागते.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील हंटरडन परगण्यात घर घेत आहोत. घराला स्वतःची विहीर आहे. विक्रीपूर्व तपासणीत आर्सेनिक लिटरला ७ मायक्रोग्रॅम आले. पुण्यातील नातेवाईक म्हणतात की १० पर्यंत चालते.

उत्तर : अमेरिकेची संघराज्यीय मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे आणि भारताचीही तितकीच, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम. पण न्यू जर्सीने स्वतःची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, त्यामुळे आपले पाणी तेथील मानकात बसत नाही. तेथील खासगी विहिरींच्या तपासणीचा कायदा २००२ पासून लागू आहे. तो घर विकताना तपासणी करून अहवाल दोन्ही पक्षांनी पाहावा असे सांगतो. अहवाल वाईट आला म्हणून विक्री रोखत नाही किंवा यंत्र बसवण्याची सक्ती करत नाही. म्हणून खर्च कोणी करायचा हे व्यवहार पूर्ण होण्याआधीच ठरवून घ्यावे. हंटरडन, सॉमरसेट आणि मर्सर या परगण्यांच्या भागातील गाळाच्या जुन्या खडकांत आर्सेनिक नैसर्गिकरीत्या आहे, विक्रेत्याने काही लपवले असे मानण्याचे कारण नाही.

यंत्र निवडण्यापूर्वी आर्सेनिक कोणत्या रूपात आहे याचीही चाचणी करून घ्यावी. आर्सेनिकचे त्रिसंयुजी रूप आरओच्या पडद्यातून बऱ्याच अंशी निसटते, पंचसंयुजी रूप चांगले अडते. पाणी मऊ करणारे मिठाचे यंत्र आर्सेनिकवर चालत नाही. आर्सेनिक शोषून धरणाऱ्या माध्यमाच्या दोन टाक्या एकामागोमाग बसवून मधल्या नळातून वर्षातून एकदा नमुना तपासत राहणे, ही तेथील चांगली पद्धत आहे. पहिली टाकी थकली की मधल्या नमुन्यात ते कळते आणि दुसरी टाकी तोवर घराला सांभाळते.

याच संदर्भात विदर्भातील काही वाचकांनी आर्सेनिकविषयी विचारले आहे. महाराष्ट्राच्या बेसाल्टच्या प्रदेशात हा मुख्य प्रश्न नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरात, कौडीकसा गावाच्या आसपास मात्र भूजलात आर्सेनिक आढळलेले आहे, त्यामुळे त्या सीमेलगतच्या खासगी बोअरधारकांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : आमच्या बोअरच्या अहवालात फ्लोराइड १.३ आहे आणि शेरा ‘पिण्यायोग्य’ असा आहे. पण १ ही मर्यादा असल्याचे ऐकतो. आम्ही काय समजावे? एकदा तपासले की पुरे का?

उत्तर : आपला आकडा दोन मर्यादांच्या मध्ये पडतो. १.५ ची मर्यादा दुसरा स्रोत नसेल तेव्हासाठी आहे, म्हणून शेरा चुकीचा नाही. परंतु तो वाचताना ही अट सोबत वाचली पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, विशेषतः शेतात राबणाऱ्या माणसाच्या पोटात, पाणी इतर ऋतूंच्या मानाने कितीतरी जास्त जाते, आणि त्यात चहा असतो, ज्याच्या पत्तीत स्वतःचेही फ्लोराइड असते. म्हणून घरात आठ वर्षांखालची मुले किंवा गरोदर स्त्री असेल आणि जवळपास १ च्या आतले पाणी मिळत असेल, तर पिण्यास व स्वयंपाकास ते घ्यावे असा माझा सल्ला आहे. घरात फक्त प्रौढ माणसे असतील आणि पर्याय दूरचा असेल, तर घाबरण्यासारखे काही नाही, पण लक्ष ठेवावे.

एक तपासणी मात्र पुरत नाही. पावसाळ्यानंतर भूजल भरलेले असते तेव्हा आकडा एक येतो, मे महिन्यात पातळी तळाला गेलेली असते तेव्हा दुसरा येऊ शकतो. आपला अहवाल दिवाळीच्या सुमाराचा असेल, तर १.३ हा वर्षातला सर्वांत मोठा आकडा आहे असे धरून चालू नये. पहिल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे असे दोन नमुने द्यावेत. दोन्ही आकडे जवळपास असतील तर पुढे वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, तपासले तरी चालेल. बोअर आणखी खोल नेले, मोटार खाली सोडली, शेजारी नवे खोल बोअर झाले किंवा पाण्याची चव अचानक बदलली, तर वर्ष संपण्याची वाट न पाहता पुन्हा नमुना द्यावा. सगळे अहवाल एकाच वहीत तारखेनिशी लावून ठेवावेत आणि प्रत्येकावर त्या दिवशी मोटार किती फुटांवर होती ते लिहून ठेवावे.